उकंडाचे कोरडू

...तर तो पितळी लोटा कौसल्याबाईचाच निघाला. पैनगंगेच्या वाळवंटात, पाण्यापासून चांगला लांब, कोरड्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला. काठोकाठ भरलेला, आणि वर पळसाचं पान झाकलेलं. धर्मपालनं तो उपसून वस्तीत आणला, लिंबाखाली बसलेल्या सगळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "हा कोनाचा?"

कौसल्याबाई हातातला कापूस टाकून उठली. "माहा. पन तू उचलला काहून? थे लोकं आता काय पेतीन?"

"कोन लोकं?"

"उकंडाचे कोरडू."

धर्मपालनं उकंडाकडं पाहिलं. उकंडानं आभाळाकडं पाहिलं. काल आपण इथं थांबलो होतो.

ज्यांना काल यायला जमलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. आमचं बोरखडी म्हणजे ढाणकीहून दक्षिणेला नदीकडं निघालं की लागणारं गाव. गोष्ट एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यातली. मी तेव्हा लग्न झालेला बाप्या होतो, चौथी पास होतो, आणि चौथी पास माणसाला तेव्हा वस्तीत चिठ्ठी वाचायला बोलावत. धर्मपाल माझ्याहून लहान, पण उमरखेडला सातवी झालेला. आमच्या विहाराचं सगळं तोच पाहायचा. विहार म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली, आत एक तसबीर आणि एक सतरंजी.

आणि उकंडा. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला उकिरड्यावर लोळवून आणला आणि नावही तेच ठेवलं, म्हणजे देवाला वाटावं, कचरा आहे, नेऊन काय करायचा. दीक्षेनंतर वस्तीतल्या पुष्कळांनी नावं बदलली. धर्मपाल स्वतः आधी धर्मा होता. त्यानं उकंडालाही दोन-चार चांगली नावं सुचवली. उकंडा म्हणाला, "हे नाव देवाले फसवाले ठेवलं होतं, बाबू. फसला ना थो? मंग राहू दे."

हा उकंडा मूळचा डहाकेवाला. डाक नावाचं वाद्य घुमवायचं आणि त्याच्या ठेक्यावर देवांच्या गोष्टी गात सांगायच्या, याला आमच्याकडं डहाका म्हणतात. लग्नाचं घर असो की आजाऱ्याचं, उकंडाला बोलावणं यायचं. हिवाळ्यात तो कापूस वेचायला जायचा, उन्हाळ्यात नदीतल्या टरबुजांच्या वाडीवर राखण करायचा, पण त्याला कुणी विचारलं, काय करता, तर तो म्हणायचा, "सांगतो."

छप्पन साली दीक्षा झाली. आमची वस्ती नागपूरला जाऊन आली, आणि आल्यावर घराघरातले देव टोपल्यांत भरून पैनगंगेच्या डोहात सोडले. उकंडानं आपल्या डाकीचं कातडं स्वतः सोडवलं. राहिलेल्या खोडावर त्याची बायको इंदूबाई पाण्याचा माठ ठेवू लागली. यात कुणी रडलं-बिडलं नाही. जे करायचं ते ठरवून केलं होतं.

पण उकंडा गप झाला. डहाक्यातून देव काढला की उरतो राजा, आणि त्या राजाला पोर व्हायलाही देवाचाच वर लागतो. भुतं काढली, नवस काढले, शाप काढले. सांगायला राहिलं काय? तो जेवताना ताटाच्या काठावर बोटं वाजवायचा आणि मध्येच थांबायचा. इंदूबाई एक दिवस माझ्यादेखत त्याला म्हणाली, "अवो, तुमी गप बसले का मले भेव लागते. काही तरी सांगत जा ना. खोटं सांगा, पन सांगा."

पुढच्या साली रशियानं आभाळात एक गोळा सोडला. शाळेच्या मास्तरनं पेपरात वाचलं आणि धर्मपालनं ते वस्तीत आणलं. दिवस मावळता सगळा गाव मान वर करून उभा. आम्हाला गोळा काही दिसला नाही, मानाच तेवढ्या धरल्या. तेव्हा धर्मपालनं समजावून सांगितलं की वर पुष्कळ जगं आहेत, कुठं नुसता बर्फ, तर कुठं नुसतं वाळवंट, पाण्याचा थेंब नाही.

उकंडा पुढं सरकला. "तेथी राह्यते कोन?"

"कोनीच नाही, उकंडाजी."

"एवढी जागा अन् कोनीच नाही? मंग रिकामी कायले ठेवली?"

"कोनी ठेवली नाही. थे आपोआप हाये."

"हां," उकंडा म्हणाला. "मंग आपोआप कोनी तरी असंलच."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया लिंबाखाली कापूस निवडत बसल्या होत्या. उकंडा तिथं गेला आणि बोटं माठाच्या झाकणावर ठेवून म्हणाला, "आयका."

तिथून कोरडू सुरू झाले.

तुम्ही मटकी भिजत घातली तर त्यात एखादा दाणा असा निघतो की तो भिजत नाही, मोडत नाही, शिजतही नाही. दाताखाली आला की दात आठवतो. त्याला आपण कोरडू म्हणतो. उकंडा म्हणाला, त्या जगातली माणसं तशी. उंचीला आपल्या कमरेएवढी. अंगाचं कातडं चिंचोक्यासारखं, तपकिरी आणि चकचकीत. घाम नाही. पाय सुपाएवढे, म्हणून वाळूत रुतत नाहीत. डोळ्याला दोन पापण्या, एक कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, ती वादळात लावायची, म्हणजे वाळू जात नाही पण समोरचं दिसतं. दुसरी जाड, ती झोपायला.

"अन् नाक?" कौसल्याबाईनं विचारलं. ती उकंडाची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. तिला सगळं लागायचं.

"नाक हाये, पन त्याले झाकन हाये. श्वास आत घेतला का झाकन लावून घेते. आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. मनात आलं तवा सोडते."

"मंग शिंकत कसे असतीन?"

"शिंकले का वस्ती गोळा होते, बाई. फुकट गेलं म्हनून."

पाणी त्यांना कानातून मिळतं. कान पळसाच्या पानाएवढे. पहाटे सगळे गार वाऱ्याकडं पाठ करून उभे राहतात, कानांवर दव धरतं आणि ओघळून तोंडात येतं. झालं, दिवसभराचं पाणी. मग ऊन तापलं की सगळे वाळूत गाडून घेतात आणि कान तेवढे बाहेर ठेवतात. परका माणूस आला तर त्याला वाटेल, पळसाची रोपं उगवली आहेत, गाव कुठं आहे?

इथपर्यंत शरीराचं झालं. पण उकंडा खरा रमायचा तो त्यांच्या चालीरीतींत.

त्यांच्यात बाई पोटात लेकरू वाढवत नाही. मुगाएवढं बी वाळूत पुरते आणि निघून जाते. ते बी तसंच पडून राहतं, कितीतरी वर्षं. त्या जगात पाऊस एखाद्याच्या जन्मात एकदाच पडतो. पडला की जिथं-तिथं पुरलेली सगळी बियाणी एकदम फुटतात आणि वाळूतून लेकरं वर येतात. कोणतं कुणाचं, हे कुणाला सांगता येत नाही. मग एका पावसात जी फुटली ती सगळी भावंडं. म्हणून दोन कोरडू भेटले की एकमेकांना एवढंच विचारतात, "तू कोन्या पावसाचा?"

"अन् जात?" कुणीतरी विचारलं.

"जात इचारली तं त्याहिले समजतच नाही. थे म्हनतात, हे काय असते, खाचं का?"

बाया हसल्या. धर्मपाल त्या दिवशी मागं उभा होता. तोही हसला, हे मी पाहिलं आहे.

भेटीला ते कानाला कान लावतात, आणि आपल्या कानावरचा एक थेंब दुसऱ्याच्या कानावर जाऊ देतात. नको म्हणायची चाल नाही. विहीर नाही, तेव्हा या बाजूनं तुम्ही भरा आणि त्या बाजूनं आम्ही, हा प्रकारही नाही. एखादा मेला तर त्याला जाळत नाहीत, पुरत नाहीत. तो वाळून हलका होतो, मग त्याला उभा करून ठेवतात आणि त्याच्या सावलीत लेकरं खेळतात. आणि देव? उकंडाला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तो म्हणाला, "देव कुठून ठेवतीन? देवाले रोज आंघोय घाला लागते."

दोन उन्हाळे हे चाललं. वरच्या गावातल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायासुद्धा वस्तीच्या कडेला येऊन उभ्या राहून ऐकायच्या. आपल्या घरी नसलेलं काही ऐकायचं असलं की माणूस कुठंही उभं राहतं.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. वाळवंट हा शब्द. पुस्तकातलं वाळवंट आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या बोलण्यात वाळवंट म्हणजे नदीतली वाळू, टरबुजाच्या वाड्या असतात ती. उकंडा सांगताना ‘त्या जगातलं वाळवंट’ म्हणायचा, पण रोज-रोज कोण एवढं म्हणणार? ‘वाळवंटात’ एवढंच म्हणू लागला. त्यात वाळूचं सगळं बारीकसारीक त्यानं राखणीच्या दिवसांत नदीतच पाहिलेलं, तेव्हा ऐकणाऱ्याला वाळू ओळखीची वाटायची. कौसल्याबाईला वाटलं, हे लोक पैनगंगेत राहतात. तिनं काही पूजा मांडली नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. "एवढे जवळ राह्यतात, अन् आपून त्याहिले घोटभर पानीबी नाही देत?"

धर्मपालनं तिला पुष्कळ समजावलं. "मावशी, थे वाळवंट लय दूर हाये. आभाळात."

"मंग उकंडाले आभाळातलं कसं दिसलं?"

धर्मपालनं लोटा परत दिला. दुसऱ्या दिवशी लोटा परत वाळूत.

इथपर्यंत होतं तोवर हसण्यासारखं होतं. मग वरच्या गावातल्या बेबीताईंची म्हैस हरवली. बेबीताई म्हणजे मोठ्या घरची बाई, कपाशी-तुरीचं रान असलेली. गडी दिवसभर हिंडले, म्हैस सापडली वाळवंटात. लोट्यापाशी उभी, लोटा आडवा पडलेला, आत थेंब नाही. म्हशीला पाण्याचा वास आला असेल आणि तिनंच नाक घातलं असेल, हे कोणत्याही म्हशीला विचारलं तरी तिनं सांगितलं असतं. पण गड्यांनी सांगितलं, कोरडूंनी पाणी प्यायलं आणि म्हैस वळवून आणली.

बेबीताई नारळ घेऊन आल्या. त्यांनी एक दगड उभा केला, त्याला शेंदूर लावला. आठवडा गेला नसेल, दगडाला दोन बाजूंनी दोन कान चिकटवले गेले, खऱ्या पळसाच्या पानांचे. वाळली की कुणीतरी नवी लावायचं. आणि दगडापुढं लागलेल्या ओळीत, काय सांगू, आपल्या वस्तीतल्याही बाया उभ्या दिसू लागल्या. लपून, पदर पुढं ओढून. ज्या डोहात आम्ही देव सोडले होते, तो डोह तिथून हाकेवर.

उकंडानं आपल्या परीनं खटपट केली. त्यानं गोष्टीत सांगितलं, कोरडूंना नारळ चालत नाही, नारळाच्या वासानं त्यांचे कान झडतात. लोकांनी गूळ नेला. त्यानं सांगितलं, कोरडूंना नवस समजत नाही, ते बहिरे आहेत, एवढे मोठे कान नुसते पाण्यासाठी. बेबीताई म्हणाल्या, "उकंडा, देव नेहमी असंच म्हनते. परीक्षा पाह्यते थो." शेवटी एक दिवस त्यानं सगळे कोरडू मारून टाकले. म्हणाला, मोठं वादळ आलं आणि सगळी वस्ती वाळूखाली गेली, गोष्ट संपली. बाया हमसून रडल्या. कौसल्याबाई संध्याकाळी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "गोविंदा, तू वाचते-लिहिते म्हनून इचारते. त्याहिचं पुन्यानुमोदन करा लागंल का नाही?" दीक्षेनंतर मेलेल्याच्या तेराव्याऐवजी आम्ही तेच करत होतो.

दुसऱ्या दिवशी उकंडाला वाळूखालून त्यांना परत काढावं लागलं. त्यामुळं तर आणखीच पंचाईत झाली. मेलेले उठले, म्हणून शेजारच्या गावातून गाड्या आल्या.

धर्मपालनं पंचांना बोलावलं. त्याचं चुकलं असं मी तेव्हाही म्हणत नव्हतो. त्याचा बाप देवाच्या नावानं आयुष्यभर दाराबाहेर उभा राहिला होता, आणि आता वस्तीतल्याच माणसाच्या तोंडातून नवा देव निघून नदीत शेंदूर लावून बसला होता. ठरलं ते असं. येत्या पौर्णिमेला वंदना झाली की उकंडानं विहारासमोर उभं राहून सगळ्यांदेखत सांगायचं, कोरडू खरे की खोटे. खरे म्हणाला तर तो भगत झाला, वस्तीनं त्याच्याशी भगताशी वागतात तसं वागायचं, म्हणजे कुणी त्याच्या दाराशी बसायचं नाही. खोटे म्हणाला तर गोष्ट तिथंच संपली. खोटं आहे हे कळल्यावर कुणी ऐकायला येणार नाही, असं पंचांना वाटत होतं. उकंडालाही तेच वाटत होतं.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी मी वाडीवर गेलो. उकंडा वेलावरची टरबुजं पालथी करत होता, सगळ्या बाजूंनी ऊन लागावं म्हणून. मीही त्याच्यासोबत दोन-चार पालथी केली. मग तो म्हणाला, "डाक सोडली तवा हात रिकामे झाले, गोविंदा. चाललं. आता हे सोडलं तं तोंड रिकामं होते."

"तोंड हाये ना जेवाले," मी म्हणालो.

"जेवाले तं बकरीलेबी हाये."

"मंग खरे हायेत म्हना. बेबीताई मंदिर बांधून देतीन. बसून खासान."

त्यानं एक टरबूज उचललं, कानाशी धरून टिचकी मारली, परत ठेवलं. "खरे म्हनलं तं थे मंग माहे नाही राह्यत. बेबीताईचे होतात. म्या सांगतलं का त्याहिच्यात लग्न कसं लागते, तं थे म्हनतीन, नाही, तसं नाही, पोथीत वेगळं हाये." थोड्या वेळानं तो स्वतःशीच हसला. "लग्न कसं लागते थे अजून बनोलंच नाही म्या."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर वंदना झाली. विहारासमोरचं अंगण सारवलेलं होतं. आमची वस्ती आत, आणि कुंपणाबाहेर वरच्या गावातली माणसं, त्यांत बेबीताई गाडीतच बसून. कौसल्याबाई पुढच्या ओळीत, लोटा मांडीवर. इंदूबाई दाराशी टेकून उभी होती. मघाशी ती धर्मपालला एकच वाक्य बोलून आली होती. "तू शिकलेला हायेस बाबू, पन हा माणूस गप बसला का कसा दिसते थे तू नाही पाह्यलं, म्या पाह्यलं."

धर्मपाल उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं. "उकंडाजी, तुमी आमच्या बापाच्या जागी. पन आज सांगा लागंल. नदीत शेंदूर कोनाच्या नावानं लागून राह्यला? कोरडू खरे का खोटे?"

बाहेरून बेबीताईंचा आवाज आला, "उकंडा, बोलजो बापा समजून-उमजून! त्याहिनं माही म्हैस आनली!"

"म्हैस पान्यासाठी गेलती, ताई," आतून कुणीतरी ओरडलं. हसू झालं. कुणीतरी म्हणालं, "चूप बसा बे."

उकंडा उठला. डहाक्याला उभा राहायचा तसा एक पाय पुढं टाकून उभा राहिला, हात मात्र मोकळे. आधी त्यानं कौसल्याबाईकडं पाहिलं, मग कुंपणाबाहेर, मग धर्मपालकडं. आणि म्हणाला:

"खोटे हायेत, बाबू. सगळे म्याच बनोले, कानासगट. देव बनोनाऱ्यानंबी असंच चारचौघांत उभं राहून सांगतलं असतं, तं आपल्याले नागपूरपर्यंत जा लागलं नसतं. आता ज्याले शेंदूर लावाचा असंल, थ्यानं घरी जावं. अन् कोरडूचं लग्न कसं लागते थे आयकाचं असंल, थ्यानं बसावं."